छावणीत गेलास, सीमेवर नाही

शमू,

परवा शाळा सुटताना एका बाईंनी मला फाटकाशी गाठलं. फार ओळखीच्या नाहीत, त्यांची मुलगी पूर्वी माझ्या वर्गात होती. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "भाऊ गेला ना हो तुमचा? बॉर्डरवर होता ना?"

मी म्हटलं, "नाही, छावणीत होता. सकाळी पळताना गेला. हृदय बंद पडलं."

त्यांनी हात सोडला नाही, पण पकड सैल झाली. "अगं बाई," म्हणाल्या, "एवढ्या लढाईतून सुखरूप आला, आणि..." पुढचं वाक्य त्यांना सापडेना. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. एका गोष्टीच्या तयारीनं आल्या होत्या आणि दुसरीच निघाली, इतकंच.

सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग यायचा. आता मी नुसती बघत राहते. लोक आधी विचारतात कुठे, मग विचारतात कसा. छावणीत म्हटलं की त्यांच्या डोळ्यांतलं काहीतरी खाली बसतं. मग ते तुझं वय विचारतात, तुझ्या शांताचं पुढं काय म्हणतात, हल्ली तरण्याताठ्या माणसांची हृदयं कशी बंद पडतात यावर बोलतात. सगळे चांगले लोक आहेत. तुझ्यासाठी त्यांनी मनात एक जागा करून ठेवली होती आणि तू तिच्यात बसत नाहीस.

तुला माती देऊन दीड महिना होत आला. मी पारनेरला परत आलेय. रोज शाळेत जाते. काल भागाकार शिकवला. बाकी कशी उरते ते फळ्यावर मांडून दाखवताना आवाज कुठंही हलला नाही. हे सांगते ते एवढ्यासाठी की तू नेहमी म्हणायचास, ताई, तुला रडू लवकर येतं. आता येत नाही.

त्या सकाळी शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती. फोन शांताचा होता. "ताई, ह्यांना दवाखान्यात नेलंय म्हणं. पळता पळता खाली बसले. मला न्यायला गाडी आलीय, मी निघते." तिचा आवाज ठाम होता. घराला कुलूप लावत असल्याचाही आवाज आला. थोड्या वेळानं तिच्याच फोनवरून दुसरं कुणीतरी बोललं, हिंदीत. "दीदी, हवालदार साहब नहीं रहे." मी विचारलं, कौन हवालदार? त्या माणसानं तुझं पूर्ण नाव घेतलं, नंबरासकट. मी पुन्हा विचारलं, कौन? तो बिचारा पुन्हा सगळं म्हणाला.

आप्पांना सांगायला मी स्वतः गेले. आई गेल्यापासून ते घरात एकटेच, फोनवर सांगून त्यांना एकटं ठेवायची माझी तयारी नव्हती. पारनेरहून नगर, नगरहून तिसगाव, तिथून आपलं गाव. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. आप्पा तुरीत खुरपत होते. मला अशा अवेळी बघून त्यांनी खुरपं खाली ठेवलं. जुळवलेलं एकही वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, शमू गेला."

त्यांनी विचारलं, "लढाई परत लागली का?"

"नाही."

"मग?"

"पळत होता. छातीत कळ आली."

ते बांधावर बसले. म्हणाले, "पळताना? त्यो तर ल्हानपणापासून पळतोय."

पळतच होतास खरा. शेळ्यांमागे पळायचास, तिसगावच्या बाजाराला पळत जायचास. भरतीच्या मैदानावर तुझ्या पायातला एक बूट फाटला तर तो काढून तसाच पळालास आणि पहिल्या काही पोरांत आलास. घरी आल्यावर आई तुझ्या तळपायाला हळद लावत होती आणि तू मला म्हणत होतास, "ताई, गणितात तेवढं पास कर मला." मी केलं. अपूर्णांक तुला शेवटपर्यंत कळले नाहीत, पण परीक्षेपुरते जमले.

तुला हसू येईल, पण लोक तुझ्याबद्दल बोलायला लागले की मला तोफ आठवत नाही, माझी वेणी आठवते. माझा हात मोडला होता ते वर्ष. उजवा हात प्लास्टरात, घरात मी एकटी. तू सुट्टीवर आला होतास, शांताला माहेरी सोडून सरळ माझ्याकडे पारनेरला आलास. स्वयंपाक करायचास तो फक्त खिचडीचा. पण रोज सकाळी मला खुर्चीत बसवून माझे केस विंचरायचास आणि वेणी घालायचास. इतकी घट्ट की कपाळ ताणलं जायचं. मी ओरडले तर म्हणालास, "तोफेवर जाळं बांधतो आम्ही, ते वाऱ्यानं सुटलं तर चालत नाही. तुझं पण सुटणार नाही." शाळेत बायका विचारायच्या, वेणी कुणी घातली? मी सांगायचे, फौजेनं. त्या वेणीबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. भावाबहिणीत कोण मानतं?

तुझी तोफ म्हणजे नक्की काय, हे मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, "बाकीच्या तोफा समोर बघत्यात. आमची वर बघती." विमानविरोधी तोफ. तिच्यावर पाचसहा जण असतात आणि त्यांचा म्होरक्या तू. गोळा कधी सोडायचा ते तू सांगायचं. एवढं मला कळलं होतं. एरवी तू महिनोन् महिने आकाशाकडे बघत बसायचास आणि तिथं घारींशिवाय काही नसायचं, हेही तूच सांगितलेलं.

मग गेल्या वर्षी सीमेवर लढाई झाली. थोडेच दिवस चालली, पण त्या दिवसांत तुझ्या आकाशात घारी नव्हत्या. आम्ही टीव्हीसमोर होतो. अंधारात वर जाणाऱ्या लाल ठिपक्यांच्या रांगा दाखवत होते आणि आप्पा विचारत होते, "ह्यातली आपली कोंची?" लढाई थांबली. तुझा फोन आला. तू म्हणालास, "मी बराय. कान जरा वाजत्यात."

त्यानंतर सुट्टीवर आलास तेव्हा गावानं तुझा सत्कार ठेवला. तिसगावच्या फाट्यापासून उघड्या जीपमधून मिरवणूक. फेटा, हलगी, फटाके. फटाक्यांच्या प्रत्येक माळेला तुझा खांदा किंचित हलत होता, ते जीपमध्ये मागं बसलेल्या मला दिसत होतं, बाकी कुणाला नाही. शाळेच्या मैदानावर स्टेज. सरपंच तुझाच वर्गमित्र. त्यानं माईकवर मोठ्यानं विचारलं, "श्यामभाऊ, गावाला ऐकायचंय! किती पाडली?"

सगळं मैदान तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलं होतं. आप्पा पहिल्या रांगेत, खुर्चीवर. गावाच्या कार्यक्रमात आपले आप्पा पहिल्या रांगेत.

तू माईक घेतलास आणि म्हणालास, "आमच्या बाजूनं लई तोफा चालू होत्या. आकाशातून जे पडलं ते कुणाच्या गोळ्यानं पडलं, हे कुणालाच सांगता येत नाही. मी माझं काम केलं. तुम्ही एवढं केलंत, उपकार आहेत."

क्षणभर कुणी टाळी वाजवली नाही. मग सरपंचानं सावरलं, "जवानाचा मोठेपणा बघा!" मग टाळ्या झाल्या. पण त्या आधीच्या टाळ्यांसारख्या नव्हत्या, हे तुलाही कळलं आणि मलाही.

संध्याकाळी ओट्यावर आपलं वाजलं. मी म्हटलं, "एक पाडलं म्हणाला असतास तर काय बिघडत होतं? कदाचित पाडलंही असशील."

"कदाचित."

"मग?"

"ताई, कदाचितवर फेटा बांधून घ्यायचा व्हय?"

"लोकांनी किती हौसेनं केलं होतं. आप्पांकडे तरी बघायचंस."

 तू म्हणालास, "आप्पांकडं बघूनच बोललो." याचा अर्थ काय, ते मी विचारलं, पण शांतानं ताटं वाढल्याची हाक दिली आणि तू उठलास. ते भांडण तिथंच राहिलं. मला वाटलं होतं, तू निवृत्त होऊन घरी आलास की सावकाशीनं पूर्ण करू. माझी बाजू अजून तीच आहे, शमू. थोडं वाकायला हवं होतंस. लोकांना खोटं सांग असं मी म्हणत नव्हते, त्यांच्या आनंदाला जरा वाव दे म्हणत होते. तू असतास तर आता काहीतरी तोडून बोलला असतास. तू नाहीस, म्हणून ही फेरी मी जिंकले असं मी धरत नाही.

त्याच सुट्टीत तू म्हशीच्या गोठ्याची गोष्ट सांगितलीस. एकदा नाही, मला एकटीला, मग आप्पांसमोर, मग पुन्हा जेवताना. वर गेलेल्या गोळ्यांचे तुकडे खाली येतात, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्या तोफेजवळच्या गावात एका म्हातारीच्या गोठ्याच्या पत्र्याला तुकड्यांनी भोकं पडली. सकाळी ती दंडुका घेऊन तोफेपर्यंत आली आणि तुम्हाला तिच्या भाषेत यथेच्छ शिव्या दिल्या. तू साहेबांची परवानगी काढून दोन जणांना घेऊन गेलास आणि पत्रा बदललास. म्हातारीनं ताकाचे पेले भरले, आणि पाजता पाजताही शिव्या देतच होती. सांगताना तू इतका हसायचास. "लढाईत मी नक्की काय केलं म्हणशील तर एक पत्रा बसवला," म्हणायचास. आप्पांना ती गोष्ट आवडायची नाही. ते उठून बाहेर जायचे.

मग तुझी बदली शांत ठिकाणी झाली. कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं, लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही दोघं सलग एका छपराखाली. शांतानं फोनवर मला पडद्यांचा रंग विचारला. तू मागून ओरडलास, "जाळ्याचाच आण म्हणावं, हिरवा!" तुझा असा आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला होता. लढाई मागं पडली, आता काही व्हायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनीच मनात ठरवून टाकलं होतं.

तुझी पेटी लष्कराच्या गाडीतून आली. पुण्यापर्यंत विमानानं, पुढं नगरवरून रस्त्यानं. शांता गाडीत पुढं बसली होती. वेशीवर सगळा गाव जमला होता. आणि वेशीवर पोरांनी भलामोठा बॅनर लावला होता. फेट्यातला तुझा फोटो, मागं जळत कोसळणारं विमान, आणि खाली मोठ्या अक्षरांत, शत्रूशी लढताना वीरमरण आलेले शहीद श्याम. शमुवेल नव्हे, श्याम. गाव तुला श्यामच म्हणायचं.

गाडी थांबली. शांता उतरली. आम्हाला वाटलं ती चालत पुढं येतेय, मी धरायला गेले. ती बॅनरसमोर उभी राहिली, वाचलं, आणि म्हणाली, "हे काढा."

कुणाला कळलंच नाही. सरपंच पुढं आला. "वहिनी, पोरांनी प्रेमानं..."

"प्रेमानं लावलं, तसं प्रेमानंच काढा. हे ह्याच्याखालून जायचे न्हाईत."

आप्पा गर्दीतून वाट काढत आले. तिला एवढंच म्हणाले, "राहू दे, पोरी. दोन घटकांचा परशन हाय."

तिनं आप्पांना डोक्यावरून पदर घेऊन सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आप्पा, तोंड होतं तवा ते न्हाई म्हणाले. आता त्यांचं तोंड मिटलं म्हणून आपण व्हय म्हणायचं का?"

सैनिक गाडीत ताठ बसून होते. ऊन तापलं होतं. कुण्या पोरानं बांबूवर चढून दोरी कापली आणि बॅनर खाली आला. पोरांनी तो घडी घालून बाजूला ठेवला, तेही नीट, हे मी पाहिलं. मग गाडी आत गेली. चर्चसमोर पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सैनिकांनी आकाशात गोळ्या झाडून सलामी दिली, आणि चर्चमागच्या दफनभूमीत आईशेजारी तुला ठेवलं. तिरंग्याची घडी एका अधिकाऱ्यानं शांताच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली नाही, दोन्ही हातांवर तशीच घेऊन उभी राहिली, एखाद्यानं सांभाळायला दिलेली वस्तू धरावी तशी.

त्या संध्याकाळी आप्पा तिच्याशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही.

दोन आठवड्यांनी सरपंच घरी आला. वेशीवर तुझ्या नावाची कमान बांधायचा ठराव ग्रामसभेत आणायचा म्हणाला. पक्की, दगडी. मजकूर तेवढा घरच्यांनी मंजूर करायचा, आणि मजकुरात शहीद शब्द हवाच. शांता तेव्हा क्वार्टर रिकामं करायला गेली होती. तिला मी फोनवर विचारलं. "नाव लावू दे ताई," म्हणाली, "तो शब्द नको." आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना माझ्यावर ओरडताना पाहिलं.

"तुला काय ठावं, सुनंदा? माझ्या आज्ज्याला ह्या येशीतून सरळ आत यायची मुभा नव्हती. वळसा घालून यावं लागायचं, पायातलं हातात घेऊन. त्याच येशीवर आज आपल्या वस्तीतल्या पोराचं नाव लागतंय, दगडात. आन तुमी एका शबदासाठी अडून बसलाय!"

  मी तुझ्याशी ओट्यावर याच बाजूनं भांडले होते, आणि आता आप्पांपुढे तुझी बाजू मांडायची पाळी माझ्यावर आली होती. मला ती तुझ्यासारखी मांडता आली नाही. मी म्हटलं, "आप्पा, तो नाही म्हणाला होता." ते म्हणाले, "त्याचं ठीक हाय. त्यो सायबाच्या खुर्चीसमोर ताठ उभा राह्यलेला माणूस. मी न्हाई राह्यलो."

मग महादेव आला. तुझ्या तोफेवरचा महादेव, नेम धरून गोळे सोडणारा. आष्टीकडचा आहे, सुट्टीवर आला होता, मोटरसायकलवरून आला. तुझ्या तोंडून मी त्याचं नाव ऐकलं होतं, पण मला वाटायचं कुणी थोराड असेल. पंचविशीचा आहे. आधी चर्चमागे जाऊन आला, मग घरी. आप्पांनी त्याला पाणी दिलं आणि बसल्या बसल्या, कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "माझ्या पोरानं एक तरी पाडलं का?"

महादेव भांडं हातात धरून बसला. "आप्पा, पाडलं आसंल. आमाला बी ठावं न्हाई. उस्ताद म्हनले ते खरंच हाय." तुला तोफेवरचे सगळे उस्तादच म्हणायचे.

आप्पांनी मान खाली घातली.

"पण एक पाडलं न्हाई, ते मला पक्कं ठावं हाय," महादेव म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. लढाईतली एक संध्याकाळ, दिवस नुकता मावळलेला. थोड्या वेळापूर्वीच वरून हल्ला होऊन गेला होता, पुन्हा होणार म्हणून सगळे टेकीला आलेले. वायरलेसवर नुसती खरखर. तेवढ्यात डाव्या अंगानं, झाडांच्या वरून, दिवे बंद करून काहीतरी खाली खाली येऊ लागलं. महादेवनं नेम धरला होता. गोळा सोडणं त्याच्या हातात होतं आणि सोड म्हणणं तुझ्या. तो ओरडला, "उस्ताद, येतंय!" तू म्हणालास, थांब. मागचे दोघं ओरडू लागले. तू म्हणालास, "कोन हाय ते कळल्याबिगर न्हाई."

"आप्पा, ते शत्रूचं आसतं तर आज मी हितं नसतो," महादेव म्हणाला. "मी उस्तादाला शिवी दिली. खरंच दिली. ते वर बघत राह्यले. आन ते आमच्या डोक्यावरनं गेलं. हेलिकॅप्टर. आपलं. जखमी घेऊन चाललेलं, वाट बदलून."

"मग?" आप्पा म्हणाले.

"मग काय न्हाई. उस्ताद खाली बसले. उजव्या पायातला बूट काढला, परत घातला. नाडी बांधता येईना. मी बांधली. मी म्हनलं, सायबांना सांगू का? ते म्हनले, काय सांगायचं? काय झालंच न्हाई."

 आप्पांनी महादेवला भाकरी खाऊ घातली आणि फाट्यापर्यंत त्याच्या गाडीवर मागं बसून सोडायला गेले. परत चालत आले.

मी मात्र तुझ्यावर चिडले, शमू. पत्र्याची गोष्ट तू तीनदा सांगितलीस. ही एकदाही नाही. ओट्यावर मी तुला टोचून बोलत होते तेव्हा ती तुझ्या जिभेवर असणार. म्हातारीच्या ताकावर हसत होतास तेव्हाही. मी तुझी मोठी बहीण, मला तरी सांगायचंस. का सांगितलं नाहीस याची मी बरीच कारणं शोधली, आणि एकही तुझ्या आवाजात ऐकू येत नाही.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर मांडव घालून भरली. मी आप्पांबरोबर गेले. वाटेत मनात म्हणत होते, आता आप्पा उठतील आणि हेलिकॉप्टरची गोष्ट सांगतील. मग कुणाला कसला शब्द हवा राहील? शहीद नाही, पण त्याच्याइतकंच भारी. कमान होईल, तुझं खरं नाव लागेल, आप्पांचं सुख होईल, शांताचा शब्द राहील. सगळं एका गोष्टीत बसत होतं.

सरपंचानं विषय मांडला. मग आप्पांकडे वळून नम्रपणे म्हणाला, "काका, तुमच्या घरच्यांचा शहीद शब्दाला विरोध आहे असं कळलं. आम्हाला जबरदस्ती करायची नाही. पण कमान उभी करायची म्हणजे काहीतरी कारण लिहावं लागतं. श्यामनं लढाईत असं काही विशेष केलं असेल तर सांगा, तेच दगडात कोरू."

आप्पा उठले. टोपी काढून हातात घेतली, मग परत डोक्यावर ठेवली. सगळे वाट बघत होते. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"पोरगं फौजेत हुतं," आप्पा म्हणाले. "शमुवेल दाऊद त्याचं नाव. नोकरीवर आसताना छावणीत गेलं. येवढंच लिवायचं आसंल तर लिवा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

आणि बसले.

मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, छावणीत तर काय, कुणीबी जातं. कुणीतरी त्याला गप्प केलं. शेवटच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "लिवा की मंग तेवढंच, काय अडलंय?" तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सरपंच कागद चाळत म्हणाला, "बरं. पुढच्या सभेला बघू." पुढचा विषय पाण्याच्या टाकीच्या गळतीचा निघाला आणि त्यावर मात्र पुष्कळ जण बोलले.

आम्ही सभा संपायच्या आधीच निघालो. ऊन कलत होतं. थोडं चालल्यावर मी विचारलं, "आप्पा, महादेवचं का सांगितलं नाही?"

"शमूनं सांगितलं न्हाई," ते म्हणाले, "आन मी कमानीसाठी सांगू?"

"मी लिहिलं कुठं तर चालेल का?"

 "तू लिव. तू त्याची भन हायेस. तुला त्याच्या बदल्यात काय मागायचं न्हाई."

 चर्चजवळच्या वळणावर ते थांबले. मला वाटलं आत, तुझ्याकडे जायचं म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. नुसतेच उभे राहून वर बघत होते. आकाशात काही नव्हतं.

"सुनंदा, त्या हेलिकॅप्टरात किती माणसं आसतील गं?"

"माहीत नाही आप्पा. चालवणारे दोघं, आणि जखमी. चारपाच असतील."

आप्पांनी मान हलवली. "मंजी चारपाच घरं," म्हणाले. "आता चुली पेटल्या आसतील तिथं." आणि चालू लागले, आपल्या घरची चूल पेटवायला.